ॲनी ओकली : नेम आणि नाव

एखाद्या माणसाच्या डोक्यावर फळ ठेवायचे, दूर उभे राहून नेम धरायचा आणि माणसाला धक्काही न लावता ते फळ उडवायचे, हा प्रसंग लोकप्रिय कथावाङ्मयाने शतकानुशतके पुन:पुन्हा वापरला आहे. स्वित्झर्लंडच्या विल्यम टेलची कथा त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. जुलमी अधिकाऱ्याच्या हुकमावरून टेलला स्वत:च्या मुलाच्या डोक्यावरचे सफरचंद बाणाने उडवावे लागले, अशी ही कथा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हस्तलिखितात सापडते. तिच्यावर शिलरने १८०४ मध्ये नाटक लिहिले आणि रोसिनीने १८२९ मध्ये संगीतिका रचली. परंतु ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. डेन्मार्कचा इतिहासकार सॅक्सो याने इ. स. १२०० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात टोको नावाच्या धनुर्धराची जवळजवळ हीच गोष्ट येते.

आपल्यालाही हा प्रकार परका नाही. पाण्यातले प्रतिबिंब पाहून वर फिरणाऱ्या माशाचा डोळा फोडणारा अर्जुन कीर्तनकारांनी घराघरांत पोचवला आहे. त्याच परंपरेत दशरथाची कथाही आहे. केवळ आवाजाच्या रोखाने सोडलेला त्याचा शब्दवेधी बाण अचूक लागला, पण पाण्यावर हत्ती नव्हता, श्रावण होता. नेमबाजीच्या करामतीची ही दोन टोके झाली. लोकप्रिय कथेला अर्थातच पहिले टोक अधिक प्रिय. तिथे धोका हा वाचकाचा श्वास रोखून धरण्यापुरता असतो, आणि नायकाचा हात कधी कापत नाही.

ज्या स्त्रीने हा धोका कथेत नव्हे तर रोजच्या उपजीविकेत पत्करला, सुमारे तीन दशके रंगमंचावर आणि रिंगणात बंदूक चालवली, आणि तरीही आपल्या हातून माणसाला इजा होऊ दिली नाही, अशी लौकिकाने अजरामर झालेली नेमबाज म्हणजे अमेरिकेची ॲनी ओकली. तिच्या हयातीतच तिच्याभोवती दंतकथांचे जाळे विणले गेले. मृत्यूनंतर तर नाटक आणि चित्रपट यांनी तिचे आयुष्य मनासारखे कापून शिवले. या कापाकापीत तिची एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट हरवली. ती कोणती, हे समजण्यासाठी तिचे आयुष्य मुळापासून पाहावे लागते.

तिचे जन्मनाव फीबी ॲन मोझी. १३ ऑगस्ट १८६० रोजी ओहायो राज्यातील डार्क काउंटीत एका लाकडी घरात तिचा जन्म झाला. आईवडील क्वेकर पंथाचे, पेनसिल्व्हेनियातून येऊन शेती करणारे. १८६६ मध्ये वडील वारले आणि लहान मुलांचा मोठा संसार आईच्या अंगावर पडला. घरात खायला पुरेसे नव्हते. सातव्या वर्षी ॲनी रानात फासे लावून पक्षी धरू लागली आणि आठव्या वर्षी वडिलांची बंदूक तिच्या हातात आली. पुढे जिचे कसब राजेरजवाड्यांनी नावाजले, तिच्या नेमबाजीचा आरंभ असा भुकेतून झाला. काडतूस वाया घालवणे परवडणारे नव्हते, म्हणून प्रत्येक बार सार्थकी लागणे ही तिची पहिली शिस्त बनली.

१८७० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, तिची रवानगी काउंटीच्या गरिबांसाठीच्या आश्रयगृहात झाली. तिथून एका शेतकरी कुटुंबाने तिला तान्ह्या मुलाला सांभाळण्याच्या कामासाठी नेले. आठवड्याला पन्नास सेंट मजुरी आणि शिक्षण असे आश्वासन होते. प्रत्यक्षात मिळाले ते ढोरमेहनतीचे आयुष्य, मार आणि उपासमार. शिवताना डोळा लागला म्हणून एकदा तिला अनवाणी बर्फात उभे करण्यात आले. सुमारे दोन वर्षांनी ती तिथून पळाली. त्या कुटुंबाचे नाव तिने आयुष्यभर कुणालाही सांगितले नाही. आठवण निघाली की ती त्यांना नुसते लांडगे म्हणत असे. इतरांच्या नावाबाबतचा हा संयम ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण तिच्या स्वत:च्या नावाच्या बाबतीत जगाने तो दाखवला नाही.

घरी परतल्यावर शिकार हाच तिचा व्यवसाय झाला. लावे, ससे आणि रानकोंबड्या मारून ती जवळच्या ग्रीनव्हिल गावातल्या दुकानदारांना विकू लागली. तिथून तो माल सिनसिनाटीच्या हॉटेलांपर्यंत जाई. मांसात छर्रे राहू नयेत म्हणून ती पक्ष्याच्या डोक्यावरच नेम धरी, असे सांगितले जाते. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत तिने आईच्या शेतावरील गहाणाचे कर्ज फेडून टाकले. रंगमंचावर पाऊल ठेवण्यापूर्वीच, अशा रीतीने, ती आपल्या बंदुकीवर कुटुंब पोसणारी कर्ती मुलगी झालेली होती.

त्यानंतरचा प्रसंग तिच्या चरित्रातला सर्वाधिक परिचित. आयर्लंडहून आलेला फ्रँक बटलर हा फिरत्या कंपनीतला नावाजलेला नेमबाज होता. गावोगावी स्थानिक नेमबाजांना आव्हान द्यायचे आणि पैज लावायची, हा त्याचा शिरस्ता. सिनसिनाटीतल्या एका हॉटेलमालकाशी त्याने शंभर डॉलरची पैज लावली. समोर प्रतिस्पर्धी म्हणून उभी राहिली ती पाच फूट उंचीची, साध्या कपड्यांतली खेड्यातली मुलगी. हा सामना १८७५ सालचा की १८८१ चा, याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. निकालाविषयी मात्र नाहीत. पंचविसाव्या बाराला फ्रँकचा नेम चुकला, ॲनीचा चुकला नाही. फ्रँक सामना हरला, पैज हरला आणि तिच्या प्रेमात पडला. हरल्याचा राग न धरता त्याने तिच्याशी विवाह केला, आणि हे सहजीवन अखेरपर्यंत टिकले.

१ मे १८८२ रोजी ओहायोतील स्प्रिंगफिल्ड येथे फ्रँकचा जोडीदार आजारी पडला, म्हणून त्याच्या जागी ॲनी उभी राहिली. सुरुवातीला लक्ष्य हातात धरून उभे राहण्याचे काम तिचे होते, पण लवकरच बंदूक तिच्या हाती आली. ओकली हे रंगमंचीय आडनाव तिने याच काळात घेतले. फ्रँकने एक गोष्ट फार लवकर ओळखली. त्याच्यापेक्षा ती सरस आहे, आणि प्रेक्षकांना तीच हवी आहे. त्या काळातल्या पुरुषाने सहजासहजी केले नसते ते त्याने केले. तो हळूहळू प्रकाशझोतातून बाजूला झाला, तिचा व्यवस्थापक झाला, आणि तिच्या गोळीसमोर ओठांत सिगारेट धरून किंवा बोटांच्या चिमटीत नाणे धरून उभा राहू लागला.

या कामात किती धोका होता, याची कल्पना त्याच वर्षी घडलेल्या एका दुर्घटनेवरून यावी. ३० नोव्हेंबर १८८२ रोजी सिनसिनाटीच्या कोलिझियम नाट्यगृहात फ्रँक फ्रेन या नटाचा प्रयोग चालू होता. नाटकातला खलनायक नायकाला स्वत:च्या पत्नीच्या डोक्यावरचे सफरचंद उडवायला भाग पाडतो, अशी त्यात योजना होती. म्हणजे विल्यम टेलचीच कथा, अमेरिकेच्या सरहद्दीवर आणलेली. रंगत वाढावी म्हणून फ्रेन पाठमोरा उभा राही, रायफल खांद्यावरून मागे रोखी आणि आरशात पाहून नेम धरी. समोर उभी होती ॲनी व्हॉन बेरेन, त्याची सहनायिका आणि वाग्दत्त वधू. त्या रात्री रायफलीतला एक भाग ऐनवेळी निकामी झाला, गोळीचा रोख ढळला आणि ती तिच्या कपाळात लागली. काही मिनिटांतच तिचा मृत्यू झाला. फ्रेनवर मनुष्यवधाचा आरोप ठेवण्यात आला. पुढे हा अपघात असल्याचे मानून त्याला दोषमुक्त करण्यात आले.

एकाच राज्यात, एकाच वर्षी, रंगमंचावर दोन जोड्या होत्या. दोन्हींतल्या पुरुषाचे नाव फ्रँक, दोन्हींतल्या स्त्रीचे नाव ॲनी. एका जोडीचा शेवट त्या नाट्यगृहात झाला आणि दुसरी पुढची चव्वेचाळीस वर्षे एकत्र राहिली. यात दैवाचा भाग नव्हता असे नाही. तथापि या दोन प्रयोगांत एक मूलभूत फरक होता. फ्रेनच्या नाटकात धोका हा कथेची गरज म्हणून आणलेला होता, आणि अभिनय, संवाद, वेशभूषा यांच्या जोडीला रात्रीमागून रात्री एका यंत्राच्या भरवशावर सोडलेला होता. ॲनीच्या बाबतीत नेम हेच सर्वस्व होते. शस्त्र, काडतूस, अंतर आणि समोरचा माणूस यांपैकी कशातही ढिलाई न करणे हाच तिचा व्यवसाय होता.

तिच्या करामतींची यादी आजही चकित करते. तीस पावलांवरून पत्त्याची कड समोर धरून तो पत्ता मधोमध भेदणे, हवेत उडवलेले नाणे टिपणे, आरशात किंवा सुऱ्याच्या चकचकीत पात्यात प्रतिबिंब पाहून खांद्यावरून मागच्या लक्ष्याचा वेध घेणे, हे तिचे नित्याचे प्रयोग होते. तिने भोके पाडलेले पत्ते इतके प्रसिद्ध झाले की, नाट्यगृहाच्या भोक पाडलेल्या फुकट पासाला अमेरिकेत ॲनी ओकली असेच म्हणू लागले.

मात्र या चमत्कारांमागे असलेली काळजी प्रेक्षकांना दिसत नसे. हजारो माणसांनी वेढलेल्या रिंगणात हवेत गोळी झाडली तर ती कुठेतरी पडणारच. म्हणून बफेलो बिलच्या खेळात उडत्या लक्ष्यांवर प्राय: बारीक छर्ऱ्यांची काडतुसे वापरली जात. छर्रे थोड्या अंतरावर जोर गमावतात आणि मागे बसलेला प्रेक्षक सुरक्षित राहतो. काही जण याला फसवणूक म्हणाले. वास्तविक हवेतला काचेचा गोळा छर्ऱ्यांनी फोडण्यासाठीही डोळा आणि हात तयार असावेच लागतात. शिवाय ॲनी अधूनमधून मुद्दाम एखादा नेम चुकवी, रुसल्यासारखे ओठ काढी, पाय आपटी आणि मग पुढचे सारे बार बिनचूक मारी. निर्जीव लक्ष्यावर हुकलेला तो एक बार प्रेक्षकांच्या मनात शंका पेरून जाई. नंतर फ्रँकच्या ओठांतली सिगारेट रोखली गेली की सगळे रिंगण चिडीचूप होई. कथाकार शब्दांनी जो ताण निर्माण करतात, तो ती अशा लटक्या चुकीने निर्माण करीत असे, आणि तो करताना कुणाचाही जीव पणाला लावीत नसे.

१८८४ मध्ये मिनेसोटातील सेंट पॉल येथे तिचा प्रयोग लाकोटा सू जमातीचे वयोवृद्ध नेते सिटिंग बुल यांनी पाहिला. त्यांना ती इतकी भावली की त्यांनी तिला मानसकन्या मानले आणि अचूक नेमाची छोटी अशा अर्थाचे नाव दिले. पुढच्या वर्षी ती विल्यम कोडी ऊर्फ बफेलो बिल यांच्या वाइल्ड वेस्ट या फिरत्या खेळात सामील झाली. सिटिंग बुलही १८८५ च्या हंगामात काही महिने त्या खेळात होते. खेळाच्या चालकांनी ॲनीचा प्रयोग आरंभीच ठेवला. बंदुकांच्या आवाजाने बायका आणि मुले बिचकत. एक नाजूक दिसणारी तरुणी हसतमुखाने रिंगणात येऊन, आधी हलक्या आवाजाचे बार काढून हळूहळू आवाज वाढवीत गेली की प्रेक्षकांची भीती मोडे. हिंसेच्या देखाव्यांनी भरलेल्या त्या खेळात भीती घालवण्याचे काम तिच्याकडे होते, हे मोठे अर्थपूर्ण आहे.

१८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात हा खेळ लंडनला गेला. राणीने तो पाहिला, राजघराण्यातल्या मंडळींनी ॲनीचे कौतुक केले आणि तिच्या तंबूत पुष्पगुच्छांची रास पडू लागली. त्याच वर्षी लंडनमध्ये तिच्यावर एक स्वस्त साहसकथाही प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या साहसांचा आणि डार्क काउंटीतल्या मुलीच्या खऱ्या आयुष्याचा फारसा संबंध नव्हता. अमेरिकेत अशा दहा सेंटांच्या पुस्तकांचा सुकाळच होता. स्वत: बफेलो बिल १८६९ मध्ये नेड बंटलाइनच्या कथामालिकेतून प्रथम घरोघरी पोचले आणि त्यानंतर रंगमंचावर आले. कथेतला वीर आणि खरा माणूस यांची सरमिसळ हाच या साऱ्या धंद्याचा पाया होता.

लंडननंतर ॲनी काही काळ खेळातून बाहेर पडली. या मधल्या काळात तिने डेडवुड डिक या लोकप्रिय कथानायकावरच्या नाटकात भूमिकाही केली. नाटक पडले. १८८९ मध्ये ती बफेलो बिलकडे परतली आणि पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तिने फ्रेंच प्रेक्षकांना जिंकले. युरोपच्या या दौऱ्यांतलीच ती सुप्रसिद्ध आख्यायिका. जर्मनीच्या दुसऱ्या विल्हेल्मने आग्रह धरल्यावरून तिने त्याच्या सिगारेटची राख उडवली, असे सांगतात. पहिले महायुद्ध पेटल्यावर या गोष्टीला नवीच धार आली. त्या दिवशी तिचा नेम थोडा चुकला असता तर जगाचा इतिहास बदलला असता, असा विनोद अमेरिकेत रूढ झाला, आणि तिने कैसरला पत्र लिहून पुन्हा एकदा संधी मागितली, अशी पुस्ती त्याला जोडली गेली. आख्यायिका किती खरी हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. नेमबाजाची थोरवी तो काय चुकवतो यात नसून काय टाळतो यात असते, ही गोष्ट लोककथेलाही कळलेली होती.

तिच्या स्वभावात विरोधाभास भरपूर होते. ती आपले पोशाख स्वत: शिवी, तंबूत बसून भरतकाम करी, घोड्यावर एका बाजूला पाय घेऊन बसे आणि सभ्य, मध्यमवर्गीय स्त्रीची प्रतिमा डोळ्यांत तेल घालून जपे. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीला तिने पाठिंबा दिला नाही. पण प्रत्येक स्त्रीला बंदूक चालवता आलीच पाहिजे, असे तिचे ठाम मत होते. १८९८ मध्ये स्पेनशी युद्धाची चिन्हे दिसू लागताच तिने अध्यक्ष मॅकिन्ली यांना पत्र पाठवून पन्नास महिला नेमबाजांची तुकडी शस्त्रे आणि दारूगोळ्यासह उभी करण्याची तयारी दर्शवली. सरकारने ती स्वीकारली नाही. १८९४ मध्ये एडिसनच्या चित्रणगृहात तिच्या नेमबाजीचा एक छोटा चित्रपट घेतला गेला. चलच्चित्राच्या अगदी बाल्यावस्थेत कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या स्त्रियांत ती एक होती.

२९ ऑक्टोबर १९०१ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील लेक्सिंग्टनजवळ बफेलो बिलच्या खेळाची रेल्वेगाडी दुसऱ्या गाडीवर आदळली. शंभराहून अधिक घोडे मेले. या अपघातानंतर ॲनीने तो खेळ सोडला. १९०२ मध्ये तिच्यासाठी लिहिलेल्या पश्चिमेकडील मुलीच्या नाटकात ती पुन्हा रंगभूमीवर आली. खरी कसोटी मात्र बंदुकीशी संबंध नसलेल्या एका बाबतीत लागायची होती.

११ ऑगस्ट १९०३ रोजी हर्स्ट यांच्या मालकीच्या शिकागोतील वृत्तपत्रांनी बातमी छापली की, प्रख्यात ॲनी ओकलीला कोकेनच्या व्यसनापायी चोरी केल्याबद्दल अटक झाली आहे. अटक झालेली स्त्री वेगळीच होती. हलक्याफुलक्या करमणुकीच्या खेळांत काम करणाऱ्या त्या स्त्रीने ॲनीचे नाव सांगितले आणि बातमीदाराने शहानिशा न करता ते छापले. देशभरातल्या वृत्तपत्रांनी ती बातमी उचलली. दशरथाच्या बाणासारखाच हा प्रकार झाला. केवळ नावाच्या आवाजावर नेम धरला गेला आणि घाव भलत्याच व्यक्तीला लागला.

खुलासे छापून आले, कुठे दिलगिरीही व्यक्त झाली. ॲनीला तेवढ्याने समाधान वाटले नाही. तिने पंचावन्न वृत्तपत्रांवर अब्रुनुकसानीचे दावे लावले आणि पुढली सहा-सात वर्षे गावोगावच्या न्यायालयांत उभी राहून साक्षी दिल्या. तिच्या पूर्वायुष्यात काही काळेबेरे सापडते का हे पाहण्यासाठी हर्स्ट यांनी ओहायोत गुप्तहेर पाठवला. त्याच्या हाती काही लागले नाही. १९१० पर्यंत पंचावन्नपैकी चोपन्न दाव्यांत निकाल तिच्या बाजूने लागला किंवा तडजोड झाली. भरपाईपोटी मिळालेली रक्कम एकूण खर्चापुढे अपुरी पडली, असे म्हणतात. पैसा हा तिचा हेतू नव्हताच. बर्फात अनवाणी उभे राहिलेल्या मुलीने कष्टाने एक नाव कमावले होते, आणि ते कोणी फुकट मातीत घालावे हे तिला मान्य नव्हते. आज वृत्तपत्रांच्या वाचकाने आणि वृत्तपत्रांत काम करणाऱ्यानेही तिच्या चरित्रातले हे प्रकरण आवर्जून वाचावे असे आहे.

१९१३ मध्ये तिने फिरत्या खेळातून निवृत्ती घेतली. नॉर्थ कॅरोलिनातील पाइनहर्स्ट येथे १९१५ पासून काही वर्षे ती स्त्रियांना नेमबाजी शिकवीत होती. तिच्याजवळ डेव्ह नावाचा सेटर जातीचा कुत्रा होता. डोक्यावर सफरचंद ठेवून तो निश्चल बसे आणि ॲनी ते उडवी. विल्यम टेलची कथा तिच्या घरात अशी नांदत होती. समोरच्या प्राण्याचा तिच्यावरचा पूर्ण विश्वास हाच त्या प्रयोगाचा आत्मा होता. पहिल्या महायुद्धात तिने पुन्हा महिलांची तुकडी उभारण्याची तयारी दाखवली. तीही नाकारली गेली. तेव्हा ती लष्करी छावण्यांत जाऊन सैनिकांपुढे प्रयोग करू लागली, आणि डेव्ह रेड क्रॉससाठी निधी जमवू लागला. लोक रुमालात पैसे बांधून लपवत आणि तो वासावरून शोधून काढी. सापडलेली रक्कम रेड क्रॉसला जाई.

१९२२ च्या मार्चमध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, पाइनहर्स्टमध्ये तिने लागोपाठ शंभर मातीच्या चकत्या उडवल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडात मोटार अपघातात तिच्या कमरेचे हाड मोडले आणि पायाला कायमचा पट्टा लागला. १९२३ मध्ये डेव्ह मोटारीखाली सापडून गेला. तरीही ती पुन्हा नेमबाजीकडे वळली. ३ नोव्हेंबर १९२६ रोजी ग्रीनव्हिल येथे, जिथल्या दुकानात लहानपणी तिने शिकार विकली होती त्याच गावी, तिचे निधन झाले. फ्रँकही आजारीच होता. अठरा दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, त्यानेही प्राण सोडला. डार्क काउंटीतील ब्रॉकच्या दफनभूमीत दोघे शेजारी विसावले आहेत.

यानंतर कथाकारांना मैदान मोकळे झाले. १९३५ मध्ये बार्बरा स्टॅनविक हिची भूमिका असलेला चित्रपट आला. त्यात ॲनी पुरुष नेमबाजाला जाणूनबुजून जिंकू देते. १६ मे १९४६ रोजी ब्रॉडवेवर अर्विंग बर्लिनच्या संगीताने नटलेली ॲनी गेट युवर गन ही संगीतिका रंगमंचावर आली. एथेल मर्मनने ॲनी साकारली आणि अकराशेहून अधिक प्रयोग झाले. १९५० मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. संगीतिकेच्या शेवटी सिटिंग बुल तिच्या बंदुकीचा नेमच बिघडवून ठेवतात, आणि प्रिय पुरुषाचा अभिमान दुखावू नये म्हणून ती अंतिम सामना मुद्दाम हरते. गाणी मधुर होती, प्रेक्षक खूश होते. जिंकणाऱ्या बाईला नवरा मिळत नाही, हा त्या कथेचा गर्भितार्थ मात्र खऱ्या ॲनीच्या आयुष्याच्या नेमका उलटा होता. फ्रँक बटलर तिच्या प्रेमात पडला तो ती जिंकली म्हणून.

चोरीची खोटी बातमी छापणाऱ्या पंचावन्न वृत्तपत्रांना तिने न्यायालयात खेचले. आपला विजय हिरावून घेणाऱ्या नाटकावर दावा लावायला ती हयात नव्हती. कथेला सफरचंदाखालचे डोके हवे असते, थरकाप हवा असतो, आणि शेवट गोड व्हावा अशीही तिची इच्छा असते. ते देता देता ती कधी कधी खऱ्या माणसाच्या कष्टाचे फळच उडवून नेते. १९९९ मध्ये संगीतिकेच्या नव्या प्रयोगात संहितेत बदल करण्यात आला आणि अंतिम सामना बरोबरीत सुटलेला दाखवण्यात आला. अर्ध्या शतकानंतर रंगभूमी तिला बरोबरीपर्यंत घेऊन आली. ओहायोतल्या त्या पैजेत मात्र बरोबरी झालेली नव्हती. पंचविसावा बार फ्रँकचा हुकला होता आणि ॲनीचा लागला होता.